पेवाच्या तोंडाशी

१६ नोव्हेंबर १९६४, सोमवार. हरिपूर

आज कामावर रुजू झालो. फौजेत अठरा वर्षं रोजनिशी लिहिली, ती सवय पेन्शनीत मोडायची नाही असं ठरवलं आहे. रोज लिहीन असं नाही. लिहिण्यासारखं घडलं तर लिहीन.

काम असं आहे. सांगलीचे हळदीचे व्यापारी आप्पासाहेब यांची इथे कृष्णेच्या काठी चाळीस पेवं आहेत. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड एक माणूस जेमतेम शिरेल एवढं, आत वीस फूट खोल आणि रांजणासारखं फुगलेलं. उन्हाळ्यात त्यात हळद भरतात, तोंडावर फरशी टाकून मातीनं लिंपतात आणि भाव आला की उघडतात. दोन-दोन वर्षं हळदीला कीड लागत नाही म्हणे. मी कोरेगावकडचा, सगळी नोकरी दारूगोळ्याच्या डेपोत गेली, त्यामुळे हा प्रकार पहिल्यांदाच पाहिला. पण कोठार ते कोठार. बॉम्ब सांभाळलेल्या माणसाला हळकुंडं काय जड आहेत?

गेल्या वैशाखात पेढीच्या पोत्यांच्या शेडला आग लागली. त्याआधी एक हमाल शिडीवरून पडून पाय मोडून बसला होता. विमा कंपनीच्या माणसानं आप्पासाहेबांना सांगितलं, की कामगारांच्या सुरक्षेसाठी एक जबाबदार माणूस नेमा. तो जबाबदार माणूस म्हणजे मी, हवालदार हिंदुराव निकम.

पहिल्याच फेरीत चौदा त्रुटी काढल्या. मुकादम बादशहाभाई माझ्या मागून चालत होते. साठीचे आहेत, दाढी पांढरी, बोलणं मोजकं. चौदावी त्रुटी वहीत उतरल्यावर म्हणाले, "सायेब, आजून चार दिस ऱ्हावा, चाळीस हुतील." माणूस सहकार्य करणारा दिसतो.

२१ नोव्हेंबर, शनिवार

आठवडा कारणी लागला. सगळ्या शिड्या तपासल्या. तीन मोडक्या निघाल्या, त्या माझ्यासमोर फोडायला लावल्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा पेवाला लागल्या असत्या. नवा सोल, म्हणजे जाड दोर, आणवला. इथून पुढे जो पेवात उतरेल त्याच्या काखेखालून सोल बांधायचा आणि त्याचं टोक वर दोघांनी धरायचं, हा नियम घातला.

पेवात उतरणाऱ्यांत कोंडीबा सर्वांत तरबेज. पस्तिशीचा, काटक, बौद्ध समाजातला. सोल बांधताना म्हणाला, "मी काय हिरीत सोडायची घागर हाय व्हय, सायेब?" सगळे हसले. मी म्हटलं, घागर असतास तर नवी आणली असती, तुझ्यासारखा माणूस कुठून आणू? त्यावर त्यानं निमूट बांधून घेतला. माणसं कशी हाताळावीत हे फौजेत शिकावं.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

चाळणीच्या शेडमध्ये बायका हळद चाळतात, निवडतात. आत पाऊल टाकलं की माणूस पिवळा होऊन बाहेर येतो. सगळ्या खोकतात. कोंडीबाची बायको बनाबाई त्यांच्यातली पुढारी. तिचा खोकला तर फाटकापासून ऐकू येतो. आप्पासाहेबांकडून मांजरपाट मागवला, प्रत्येकीला दोन-दोन फडकी दिली आणि नाकातोंडावर बांधायला सांगितली.

बनाबाई म्हणाली, "तोंड बांधून दरोड्याला जायचंय का काय, सायेब?"

मी म्हटलं, हो, सर्दीपडशाच्या घरावर. विनोद बरा होता, पण कोणी हसलं नाही.

२९ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. बनाबाई आमच्या खोलीवर आली होती. अंजनाला, म्हणजे माझ्या बायकोला, तिनं आपलं फडकं आतून उलटं करून दाखवलं. पिवळंजर्द. म्हणाली, "ह्ये समदं रोज आमच्या छातीत जात व्हतं, वैनी. पाच दिस झालं, सकाळचा खोकला न्हाई मला. सायबास्नी सांगा."

मी आतल्या खोलीत होतो, सगळं ऐकलं. अंजनानं मला मुद्दाम सांगितलं नाही. डोक्यात हवा जाईल म्हणून असेल. तशी ती धोरणी आहे.

१ डिसेंबर, मंगळवार

आज एक गैरप्रकार बारकाईनं पाहिला. नऊ नंबरचं पेव उघडायचं होतं. काल संध्याकाळी फरशी काढली आणि रात्रभर तसंच सताड उघडं टाकलं. सकाळी तोंडाशी नारळ फोडला. मग दोरीला पेटता कंदील बांधून आत सोडला आणि पाच-सहा जण कडेला उकिडवे बसले. बोलणं नाही, चालणं नाही, नुसते आत बघत. दहा मिनिटांनी कंदील जळत वर आला, तेव्हा कोंडीबा उतरला.

बादशहाभाईंना विचारलं, हे काय? म्हणाले, "रीत हाय."

कशाची रीत? म्हणाले, "पेव दिवा गिळतंय कवाकवा. मग त्या दिवशी उतरायचं न्हाई."

मला हसू आलं, पण तोंडावर हसलो नाही. प्रत्येक गावाचा म्हसोबा वेगळा. कोंडीबाला बाजूला घेऊन विचारलं, तू तरी नारळ-बिरळ मानत नसशील? तो म्हणाला, "छप्पन साली दीक्षा घेतली तवापास्नं नारळ सोडला, सायेब. नारळ ते फोडत्यात. कंदील मी सोडतो."

शाबास म्हटलं. हा माणूस नव्या विचारांचा आहे. उद्या सुधारणा करायची झाली तर पहिला हाच पाठिंबा देईल.

आता माझा विचार. पेवात कडेनं उसाचं वाळलेलं पाचट लावलेलं असतं, वर पोत्यांचा ढीग, आणि त्यात हे लोक रॉकेलचा पेटता कंदील सोडतात! डेपोत कोणी असं केलं असतं तर त्याचं कोर्ट मार्शल झालं असतं. वैशाखातली आग कशी लागली हे विमावाल्यांना सापडलं नाही, मला पंधरा दिवसांत सापडलं. आजच्या तारखेला हुकूम लिहून लावला: पेवांच्या आवारात कंदील, चिमणी, विडी बंद. आत बघायला बॅटरी मिळेल.

४ डिसेंबर, शुक्रवार

तीन सेलच्या चार बॅटऱ्या सांगलीहून आल्या. झोत असा की पेवाच्या तळातलं हळकुंड मोजून घ्यावं. सगळ्यांना जमवून चालवून दाखवली. बादशहाभाईंचा मुलगा शमशेर, सोल धरायला असतो तो, बॅटरी हातात घेऊन म्हणाला, "कानामागनं आली आन् तिखट झाली." कंदिलाच्या बाजूचे लोक चार असणारच.

बादशहाभाईंनी मात्र बॅटरी नीट पाहिली. दोनदा लावली, विझवली. म्हणाले, "चीज चांगली हाय, सायेब. उजेड लय. पर ही इझत न्हाई."

मी म्हटलं, भाई, हाच तर तिचा गुण.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग बॅटरी परत दिली आणि नमाजाला गेले. जुन्या माणसाला पटवायला वेळ लागतो, पण पटलं की पक्कं पटतं.

आणखी एक फायदा आप्पासाहेबांनीच दाखवून दिला. कंदिलाचं नाटक नाही म्हटल्यावर फरशी काढली की लगेच माल बाहेर, मुंबईचा ट्रक दुसऱ्या दिवसापर्यंत ताटकळत नाही. म्हणाले, "हवालदार, सुरक्षेनं काम वाढतं असं ऐकलं होतं. तुमच्यामुळे तर कमी झालं." मला बरं वाटलं, हे नाकारत नाही.

८ डिसेंबर, मंगळवार

बारा आणि एकोणीस ही दोन पेवं बॅटरीवर उघडली. कोणाला काही झालं नाही. एका हमालानंही तक्रार केली नाही. इतकं सहज होईल असं मलाही वाटलं नव्हतं.

एक बारीक गोष्ट. मी साडेसातला येतो तेव्हा पेवांच्या आसपास रॉकेलचा वास असतो. आज मुद्दाम सहाला गेलो. पाचटाच्या गंजीमागे कंदील सापडला, काच अजून कोमट. कोंडीबा आणि शमशेर तिथेच उभे. चोरून विड्या पेटवायला ठेवला असणार. विचारलं तर दोघंही जमिनीकडे बघू लागले. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही जात.

ओरडलो नाही. कंदील कचेरीत आणून कपाटात ठेवला, कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात आहे.

रात्री जेवताना अंजनाला सांगितलं. ती म्हणाली, "आवं, इडी वडायला कुनी सकाळी सा वाजता कंदील लावतं व्हय? काडी न्हाई मिळत?" बायकांना असल्या गोष्टीत काही कळत नाही. तरी झोपायच्या आधी खिशातली किल्ली पुन्हा एकदा चाचपली.

१० डिसेंबर, गुरुवार. सकाळी सात

आज सतरा नंबर उघडायचं. गेल्या वर्षी अर्धं रिकामं करून पुन्हा लिंपलेलं पेव आहे. ट्रक नऊला येतोय. बादशहाभाई तासगावला गेलेत, त्यांची मुलगी मेहरुनबी बाळंत झाली. म्हणजे आज सगळा कारभार माझ्याकडे. बॅटऱ्यांत नवे सेल घातले. सोल तपासला. हवा छान, थंडी बेताची. हा दिवस नमुना म्हणून विमावाल्यांना दाखवावा असा होणार.

१२ डिसेंबर, शनिवार

दोन दिवस वही उघडली नाही. आता जसं झालं तसं लिहितो.

परवा साडेआठला सतराची फरशी काढली. मी बॅटरीचा झोत टाकला. बारा फुटांवर हळद दिसत होती, स्वच्छ, ताटात वाढल्यासारखी. कोंडीबाला म्हटलं, चल. तो तोंडाशी उकिडवा बसून राहिला. म्हणाला, "सायेब, दुपारपातूर थांबू. भाईबी न्हाईत आज." मी म्हटलं, भाई असून काय करणार होते? सगळं तर दिसतंय. त्यानं सोल बांधून घेतला. पाय आत सोडले आणि पुन्हा थांबला. म्हणाला, "वाईच थांबलो आसतो तर बरं झालं आसतं." ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. मी म्हणालो, "कोंडीबा, हा माझा हुकूम आहे."

"तुमी म्हंता तर," असं म्हणून तो उतरला.

शिडीच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर होता तोवर माझ्याशी बोलत होता. खाली टेकला, टोपलीसाठी वाकला आणि बसला. मला वाटलं, सोल सैल करतोय. मग आडवा झाला. हाक मारली. पुन्हा मारली. बॅटरीचा झोत सरळ त्याच्या तोंडावर पडला होता आणि डोळे उघडे होते.

शमशेरनं हातातला सोल टाकला आणि शिडीला हात घातला. मी त्याला मागे ओढलं आणि स्वतःच पाय आत टाकला. माझा माणूस खाली पडला होता, दुसरं काही सुचलं नाही. तेवढ्यात चाळणीच्या शेडमधून बनाबाई धावत आली. फडकं गळ्यात लोंबत होतं. तिनं माझी कॉलर मागून धरली आणि ओरडली, "उतरू नगा कुनी! जो उतरंल त्यो ऱ्हाईल तितंच. वडा! दावं वडा!"

आम्ही ओढलं. शमशेर, मी, दोन हमाल आणि चाळणीच्या सगळ्या बायका. तोंड अरुंद, त्याचा खांदा कडेला अडला. बनाबाईनं पालथं पडून आत हात घातला आणि खांदा वळवला. नवऱ्याचा निळा पडलेला चेहरा तिच्या हातभर अंतरावर होता आणि ती "आता वडा" एवढंच म्हणत होती.

बाहेर काढला तेव्हा श्वास नव्हता. फौजेत शिकवलं होतं तसं पालथा घातला, मान वळवली, दोन्ही हातांनी पाठ दाबायची, मग कोपरं उचलायची. दाबायची, उचलायची. किती वेळ ते माहीत नाही. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. मग तो एकदा हुंदका दिल्यासारखा आवाज करून ओकला आणि श्वास घेऊ लागला. त्याच ट्रकमध्ये घालून मिरजेला नेला.

जिवंत आहे. अजून शुद्धीत नीट नाही.

१३ डिसेंबर, रविवार

मिरजेचे डॉक्टर तरुण आहेत. मी विचारलं, काय झालं त्याला? म्हणाले, "बंद कोठारात ओलसर पाचट आणि माल वर्षभर पडून राहिला, की हवेतला प्राणवायू संपतो आणि जड, विषारी हवा खाली साठते. तिला वास नाही, रंग नाही. दोन-तीन श्वासांत माणूस पडतो. तुमच्याकडे उतरायच्या आधी दिवा सोडून बघत नाहीत का? हरिपूरचे लोक सोडतात असं मी ऐकलं होतं. जिथे दिवा जळत नाही तिथे माणूसही जगत नाही."

मी बाकावर बसलो. डॉक्टरांनी मलाच पाणी दिलं.

म्हणजे ते आत बघत बसायचे ते ह्यासाठी. "ही विझत नाही" असं भाई म्हणाले ते ह्यासाठी. आणि बारा आणि एकोणीस नंबरची पेवं माझ्या बॅटरीनं सुखरूप उघडली नव्हती. मी यायच्या आधी दोन माणसं पहाटे फरशी सरकवून, चोरून कंदील सोडून बघत होती म्हणून उघडली होती. तो कंदील मी जप्त केला. माणसांना वाचवायला मला नेमलं होतं आणि त्यांना स्वतःला वाचवायलाही चोरी करावी लागली.

१४ डिसेंबर, सोमवार

बादशहाभाई तासगावहून आले. मी त्यांच्या घरी गेलो. उभ्या-उभ्याच म्हणालो, भाई, तुम्ही मला स्पष्ट का नाही सांगितलंत?

म्हणाले, "सांगिटलं व्हतं. इझत न्हाई म्हनून."

मी म्हटलं, तेवढ्यानं मला कसं कळावं?

"आनि काय सांगायचं ऱ्हायलं त्यात, सायेब? आमच्या बापानं आमाला येवढंच सांगिटलं व्हतं. आमाला कळलं." मग म्हणाले, "मलाबी वरडून सांगाय पायजे व्हतं. तुमी लय बेस बोलता. तुमच्या म्होरं आमचं बोलनं लटपटतंय." आणि चहा मागवला.

मला राग यायला हवा होता, निदान स्वतःचा तरी. पण रडू आलं. मी ते आवरलं नाही.

१५ डिसेंबर, मंगळवार

आप्पासाहेबांनी पेढीवर बोलावलं. कामगार कचेरीला आणि विमा कंपनीला अपघाताचा अहवाल जायचा आहे. तो मी लिहायचा. आप्पासाहेब वाईट माणूस नाही. दवाखान्याचं सगळं तेच बघताहेत, दोनदा मिरजेला जाऊन आले. म्हणाले, "हवालदार, दोन ओळी लिहा. कामगार न विचारता पेवात उतरला. तुम्ही सुटलात, पेढी सुटली आणि कोंडीबाचंही काही बिघडत नाही. मी त्याला टाकणार आहे का?"

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

तिथून मिरजेला गेलो. कोंडीबा बसला होता. हात थरथरतात, पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरतो. डॉक्टर म्हणतात, हे बहुतेक कमी होईल. पण त्याला त्या सकाळचं काहीच आठवत नाही. घरून भाकरी खाऊन निघाला इथपर्यंत आठवतं, पुढे एकदम दवाखाना. मला म्हणाला, "सायेब, माजंच काय तरी चुकलं आसंल. न बघता उतरलो आसंन. येवढी वर्सं उतरतोय, आन् आसं कसं केलं म्या?"

बनाबाई खाटेच्या पायथ्याशी बसून माझ्याकडे बघत होती. मी त्याला खरं सांगितलं नाही. तब्येतीची चौकशी करून निघून आलो.

१६ डिसेंबर, बुधवार

आवारात कुजबुज चालू आहे. कोणी म्हणतं, कोंडीबानं नारळ सोडला म्हणून पेवानं धरला. कोणी म्हणतं, सकाळीच घेऊन आला होता. तो दारूला शिवत नाही हे त्या सगळ्यांना माहीत आहे. पण अहवालात "न विचारता उतरला" असं गेलं, की हेच सगळं खरं ठरणार. मग हरिपुरात कोणतीही पेढी त्याला पेवाच्या जवळ उभं करणार नाही. आणि तो स्वतःही ते खरं मानेल, कारण त्याला आठवतच नाही. खरं काय घडलं ते पक्कं ठाऊक असलेला आणि लिहिता येणारा माणूस मी एकटाच आहे.

अंजनाला म्हटलं, खरं लिहिलं तर नोकरी जाईल. ती भांडी घासत होती. म्हणाली, "जाऊ द्या की. कोरेगावात काय भाकरी मिळत न्हाई? पर सांगून ठेवते. खोटं लिवलं तर घरात ती फौजेतली शिटी वाजवायची न्हाई, हुकूम सोडायचा न्हाई, आन् ती रोजनिशीबी बंद करायची. नुसतं उंटावरनं शेळ्या हाकनं बास झालं."

अठरा वर्षांत माझ्या कोणत्याही सुभेदारानं मला इतक्या थोडक्यात समज दिली नव्हती.

रात्री अहवाल लिहिला. तीन वेळा लिहिला. पहिल्या दोन वेळा "गैरसमजातून" आणि "दुर्दैवाने" असे शब्द आले होते, ते काढून टाकले.

१७ डिसेंबर, गुरुवार

दोन्ही प्रती सकाळी सांगलीच्या पोस्टात स्वतः टाकल्या. मगच पेढीवर गेलो आणि नक्कल आप्पासाहेबांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाचली, चष्मा काढला, पुन्हा लावला. म्हणाले, "आधी मला दाखवायला हवी होती."

म्हटलं, आधी दाखवली असती तर पोस्टात टाकायची माझी छाती झाली नसती.

त्यांनी नक्कल मला परत दिली. मग म्हणाले, "साहेब लोक चौकशीला येतील. उत्तरं तुम्हीच द्यायची. तोवर कामावर राहा. पुढचं पुढे." त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत.

विशेष म्हणजे मला झोप उत्तम लागते आहे.

१९ डिसेंबर, शनिवार

नवे नियम केले. ह्या वेळी मी सांगितले नाहीत, बादशहाभाईंनी सांगितले आणि मी लिहून घेतले. फरशी काढल्यावर पेव रात्रभर उघडं ठेवायचं. कंदील तळापर्यंत सोडायचा, अर्ध्यावर नाही. तो सोडताना आसपास पोतं-पाचट ठेवायचं नाही, वाळूची बादली हाताशी. हे एवढं माझं. कंदील विझला तर पेव पुन्हा एक दिवस उघडं. सोलाचा नियम कायम. भाई म्हणाले, "त्यो लय झ्याक हाय. त्यो नसता तर कोंडीबा गेला आसता." शेवटचा नियम शमशेरनं सुचवला आणि तोच मी सगळ्यांत ठळक अक्षरांत लिहिला: उतरणारा नाही म्हणाला तर कोणीही, मालकानं किंवा हवालदारानंही, त्याला उतरवायचं नाही.

हे नियम चांगले आहेत. पहिल्या चौदांपेक्षा चांगले. माझी खात्री आहे की ते टिकतील.

२१ डिसेंबर, सोमवार

कोंडीबा काल घरी आला. आज आवारात आला होता, कामाला नाही, नुसता भेटायला. चिंचेखाली बसला. हात मांडीवर धरून ठेवले होते. माणसं चौकशी करून दोन पावलं लांब उभी राहत होती. कोणी त्याला विचारत नव्हतं काय झालं, कारण सगळ्यांनी आपापलं ठरवलेलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत बनाबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्यामागे चाळणीच्या बायका. म्हणाली, "सायेब, तुमी सरकारला कागद धाडलाय म्हंत्यात."

म्हटलं, हो.

"त्यात काय लिवलंय ते आमाला कसं ठाव हुनार? आमाला वाचाय येत न्हाई. वाचून दावा. हितंच, समद्यांम्होरं."

मी म्हटलं, संध्याकाळी तुमच्या घरी येऊन वाचतो.

"घरात काय वाचायचं? घरात आमाला कोन काय म्हनतंय?"

नक्कल खिशातच होती. मी उभा राहिलो. हमाल जमले, बादशहाभाई आले, पेढीचा कारकूनही दारात येऊन थांबला. परेडवर हजार माणसांसमोर आवाज चढवलेला माणूस मी, पण कागदाची घडी उलगडायलाच वेळ लागला. खाकरलो आणि वाचलं.

"पेव क्रमांक सतरामध्ये कोंडीबा यांना उतरण्याचा हुकूम मी दिला. कंदील सोडून हवा पाहण्याची येथील रीत मी बंद केली होती. मुकादम बादशहाभाई यांनी मला आधी सावध केले होते, ते मी ऐकले नाही. कोंडीबा यांनी उतरण्यापूर्वी मला दोन वेळा थांबण्यास सांगितले. तरीही मी त्यांना उतरवले. या अपघातात त्यांचा कोणताही दोष नाही. दोष माझा आहे."

कोंडीबानं मान वर केली.

"दोनदा?" त्यानं विचारलं. "म्या दोनदा थांबा म्हनलो व्हतो?"

"हो. दोनदा."

"आन् न बघता न्हाई उतरलो?"

"नाही. मी उतरवलं."

त्यानं मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. हात अजून थरथरत होते, पण आता ते दाबून धरायचं त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं. बनाबाईनं पदरानं तोंड पुसलं, वळून जमलेल्या सगळ्यांकडे एकेकाकडे बघितलं आणि मला म्हणाली, "पुन्ना वाचा. मागच्यास्नी ऐकू गेलं नसंल."

मी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.